ग्रहणातली कात्री

मास्तरीणबाईंच्या कात्रीला खाच पडली ती माझ्यामुळे. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत दुसऱ्याची चूक तिसऱ्याला सांगायला माणसं नेहमी मोकळी असतात.

झालं असं की दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं आणि मी हौसेने ग्रहण बघायचा चष्मा मागवला होता. पार्सल आलं तेव्हा मी नेमका खालच्या मजल्यावर, मास्तरीणबाईंच्या दुकानात, नव्या पँटची उंची कमी करायला गेलो होतो. पँट विकत घेताना माणूस स्वतःला जितका उंच समजतो तितका तो नसतो, हे त्या मला दर वेळी टेप लावून न बोलता समजावतात. पार्सल आणणारा मला शोधत तिथेच आला. पुठ्ठ्याचं चपटं खोकं, त्यावर चिकटपट्टीचे वेढे आणि कडेने जाड पिना. मास्तरीणबाई इस्त्री तापत ठेवायला आतल्या खोलीत गेल्या होत्या. टेबलावर त्यांची कात्री होती. काळी, लांब, उचलली की मनगटाला आपली लायकी कळावी इतकी जड. मी उचलली आणि खोकं कापलं.

आधी कच्च असा आवाज आला, तो ठीक होता. मग कट्ट असा आला, तो ठीक नव्हता. पात्यात पीन सापडली होती. मी दचकलो, कात्री हातातून सुटली आणि फरशीवर टोकावर पडली.

ज्यांनी शिंप्याचं दुकान फक्त गिऱ्हाईक म्हणून पाहिलंय त्यांना वाटेल, त्यात काय एवढं. त्यांनी एकदा शिंप्याची कात्री कागदाला लावून बघावी. शिंपी आपली कात्री सख्ख्या भावाला देत नाही. ती फक्त कापडावर चालते. कागदावर चाललेली कात्री पुढे कापड कापत नाही, चावते. मी तर पुठ्ठा आणि लोखंड एका दमात उरकलं होतं.

मास्तरीणबाई बाहेर आल्या. कात्री उचलली, कानाजवळ नेऊन दोनदा उघडमीट केली. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आजच्या आज धार लावून आणा."

मी म्हटलं, उद्या ग्रहण, बाजार अर्धा बंद, परवा अगदी सकाळी आणून देतो.

"परवा ग्रहण संपलेलं असेल," त्या म्हणाल्या.

यातलं इंगित कळायला मास्तरीणबाई कोण हे सांगायला हवं. कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. इथे बाई बेततात म्हणून मास्तरीण. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलं. त्याआधी शाळेतल्या मुलींनी दिलेलं नाव होतं फाटकी. त्यांचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता, थेट नाकापर्यंत. लहानपणी टाके घातले, पण अजून नाकाखालून एक रेघ उतरते आणि तिथे ओठ जरासा वर ओढला गेलाय. त्या टाक्यांबद्दल मास्तरीणबाई बोलतात ते समोरच्या गल्लीतल्या शिंप्याच्या कामाबद्दल बोलावं तसं. कापड नरम होतं, दोरा जाड वापरला, मग शिवण ओढणारच. बोलताना काही अक्षरं नाकातून येतात. नाकातून आलेला टोमणा तोंडातून आलेल्यापेक्षा जास्त लागतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. शाळेत कुणी फाटकी म्हटलं की त्या म्हणत, फाटलेलं शिवता येतं, तुझ्या डोक्याला ठिगळ कुठून आणू.

आता त्या ओठाचं कारण. ते डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि त्यांच्या आईने ग्रहणात काहीतरी कापलं. पोटुशी बाई ग्रहणात कापते तेव्हा पोरावर तसाच घाव उमटतो, यावर नातलगांत दुमत नव्हतं. काय कापलं यावर मात्र होतं. आत्या म्हणे भाजी चिरली. शेजारीण म्हणे सुपारी कातरली. चुलत सासूने नखं काढताना पाहिलं होतं, तेही बंद दाराच्या बाहेरून. एकीचं म्हणणं होतं की बसल्या जागी दातांनी दोरा तोडला असणार, तिला ती वाईट खोड होतीच.

खरं म्हणजे आईने काहीच कापलं नव्हतं. खिडकीला जाड चादर लावलेल्या खोलीत ती माउली ग्रहणभर उताणी पडून होती. पाय मुडपला नाही, कूस बदलली नाही, घशाला कोरड पडली तरी पाणी मागितलं नाही. दाराशी सासू राखण बसलेली. पण मूल जन्मलं, ओठ दिसला आणि तीच सासू म्हणाली, मेला माझा डोळा लागला असेल, तेवढ्यात केलं हिने काहीतरी. झालं. आई पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली की मी हललेसुद्धा नाही. नंतर सांगितलेलं कोण ऐकतं. लग्नकार्यात, बारशात, बायका मुलीचा ओठ बघत आणि मग सावकाश मान वळवून आईकडे बघत. मुलीला फाटकी हे नाव होतं, आईला नाव ठेवायचीही गरज नव्हती, नजर पुरत असे.

मुलगी शिवण शिकली. हात बसला. तेव्हा आईने तिला ही कात्री आणून दिली, आणि दिली तीही मुद्दाम ग्रहणाच्या दिवशी. घरात सगळे देव पाण्यात ठेवून बसलेले, आणि आईने मुलीला ओसरीवर बसवून, पुढ्यात कापड टाकून सांगितलं, "मी न कापता बोलणी खाल्ली. तू निदान कापून खा."

मुलीने त्या ग्रहणात आईचाच ब्लाउज बेतला. आई शेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि हसत होती. ती इतकं हसू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं, असं मास्तरीणबाई सांगतात.

तेव्हापासून ग्रहण कोणतंही असो, दुकान उघडं आणि कात्री चालू. चंद्राचं असलं तर दिवा लावून. गिऱ्हाइकांचं कापड त्या दिवशी घेत नाहीत, कारण गिऱ्हाइकांना ग्रहणात कापलेलं अंगाला लावायचं नसतं. स्वतःचं कापड काढतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं कापतात. लेक पोटात होती तेव्हाही ग्रहण आलं आणि तेव्हाही कापलं. नवरा तेव्हा होता, तो बिचारा काळजीने समोरच्या टपरीवर जाऊन बसला, म्हणजे कापताना बघायला नको. लेकीचे ओठ निघाले एकदम अखंड, पेन्सिलीने आखल्यासारखे. त्या वेळी कुणी कात्रीचं नाव काढलं नाही. देवाची कृपा म्हणाले.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून मी कात्री फडक्यात गुंडाळून धावत बाजारात गेलो. धारवाला त्याचं चाक झाकायच्या तयारीत होता. संध्याकाळी वेध लागणार, त्यानंतर मी लोखंडाला हात लावत नाही, परवा या, असं त्याने वर न बघताच सांगितलं. मी फडकं सोडलं. त्याने कात्री पाहिली आणि परत बसला.

"ही तिची ना, ग्रहणवालीची," तो म्हणाला. "उद्या हिला कापायला मिळालं नाही तर परवा ती इथे येऊन माझ्यासमोर बसेल. त्यापेक्षा मला ग्रहण परवडलं."

धार छान लागली. खाच मात्र पूर्ण निघाली नाही. निघेपर्यंत घासली तर पातंच बारीक होईल म्हणाला. टोकाच्या अलीकडे तिथे कापड थोडं अडेल, बाईंना सांगा. आणि हे कुणी केलं असंही विचारलं. मी म्हटलं, असतात माणसं.

परत आलो तर दुकानात विहीणबाई आलेल्या. मास्तरीणबाईंची लेक बाळंतपणाला आईकडे आली होती, दिवस भरत आले होते, आणि ग्रहणाच्या आदल्या दिवशी तिची सासू पिशवी घेऊन दारात उभी. या बाईंबद्दल वाईट लिहायला मला जमणार नाही. ठेंगण्या, गोऱ्या, चालताना आधी नाक आत येतं आणि मग विहीणबाई. असं भरघोस, ठसठशीत नाक की पाहुणे आल्यासारखं वाटतं. सुनेवर जीव. बोलणं मऊ. पण सुनेच्या आईचा ओठ त्यांनी पाहिलेला होता आणि त्याची कारणमीमांसा त्यांच्याकडच्या मंडळींनी त्यांना लग्नातच ऐकवली होती. बाई घाबरलेल्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

पिशवीतून दर्भ निघाले, तुळशीची पानं निघाली. दुधात पान, पाण्यात पान, पिठाच्या डब्यात पान. मला हसायचा अधिकार नव्हता, कारण वर आमच्या घरी बायकोने हेच केलं होतं आणि मी काही बोललो नव्हतो. मी विज्ञानवादी माणूस आहे, पण घराबाहेर. विहीणबाई सुनेला नियम सांगत होत्या. ग्रहण लागलं की आतल्या खोलीत आडवं व्हायचं. सुई, विळी, चाकू, कात्री, कशाला हात लावायचा नाही. खायचं नाही. पाय मुडपायचा नाही, बाळाचा मुडपतो. अंग खाजवायचं नाही, बाळाला डाग पडतो.

"आणि खाज आली तर, अहो आई?" लेकीने विचारलं.

"मनात खाजव."

लेक हसली. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. मला वाटलं होतं, आता त्या ओठातून आणि नाकातून एकदम तोफ सुटेल. तर त्या शांतपणे कात्री घेऊन धार बघत राहिल्या आणि विहीणबाईंना एवढंच म्हणाल्या की झोपायचं की बसायचं ते ती ठरवेल. त्यांचं असं नरमाईने बोलणं ऐकून मला काळजी वाटली. कात्रीचं दुःख जास्तच झालंय, असा मी अर्थ काढला. मी निघालो तेव्हा जिन्यापाशी मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या. "ग्रहण लागायच्या आत," आई म्हणत होती. "नंतर नाही. नंतरचं कुणी ऐकत नाही." आणि लेक म्हणत होती, सकाळी, नक्की सकाळी. मला वाटलं जेवणाखाण्याचं चाललंय.

सकाळी मी चष्मा घालायला घेतला आणि कळलं की खोकं कापताना मी कात्रीची खाच आणि चष्म्याची काच अशा दोन्ही गोष्टी एकदमच साधल्या होत्या. डाव्या डोळ्यासमोरची काळी फिल्म मधोमध चिरलेली. असल्या चष्म्यातून सूर्य बघण्यापेक्षा मास्तरीणबाई बघाव्यात म्हणून मी मागच्या दाराने खाली गेलो.

मागच्या दाराने, कारण दुकानाचं शटर विहीणबाईंनी ओढून घेतलं होतं. आजवर कुठल्या ग्रहणात ते शटर खाली आलेलं मी पाहिलं नव्हतं. आत अंधार म्हणावा तर अंधार नाही. शटरला जुन्या कडीचे स्क्रू गळून भोकं पडली आहेत, दुकानाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन त्या भोकांतून तिरपं येऊन टेबलावर पडतं. टेबलावर मास्तरीणबाईंनी पांढरं मलमल पसरलं होतं. बाळाच्या झबल्यांचं. त्यावर उन्हाचे रुपयाएवढे ठिपके पडले होते, गोल गोल, ओळीने. मास्तरीणबाई कात्री उघडून उभ्या. पातं कापडाच्या कडेला लावलेलं. आणि कापत नव्हत्या.

मला आधी वाटलं, खाच. माझी खाच त्यांना नडते आहे. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून घेतलं.

विहीणबाई आतल्या खोलीच्या दाराशी होत्या. त्यांनी सुनेला हाक मारली, चल बाई, लागेल आता. लेक मध्ये उभी होती, एक हात पोटावर, एक हात शिलाई मशीनवर. ती जाईना. विहीणबाईंचा आवाज जरा चढला. त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या की तुम्हाला काय करायचं ते तुम्ही करा, तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे, पण पोरीला तरी आडवं होऊ द्या. उद्या काही झालं तर लोक तिला बोलतील. तुम्हाला नाही बोलणार, तिला बोलतील.

मास्तरीणबाई ठिपक्यांकडे बघत होत्या. लेकीला म्हणाल्या, "अजून गोल आहेत."

लेकीने एकदा आईकडे बघितलं. मग सासूकडे वळली. तिचा आवाज इतका साधा होता की मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

"अहो आई, बाळाचा ओठ तसाच आहे. डॉक्टरीणबाईंना तपासणीत दिसलाय, मागेच. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी घाबरले."

बाहेर रस्त्यावर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"आत्ता सांगतेय," लेक म्हणाली, "कारण अजून ग्रहण लागलेलं नाही. आज्जीने नंतर सांगितलं होतं. तिचं कुणी ऐकलं नाही."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ग्रहणाच्या दिवशी कशासाठीही न थांबणारी ती कात्री आज का थांबली होती ते. आधी कापलं असतं आणि मग लेकीने सांगितलं असतं, तर तो ओठ कात्रीच्या नावावर गेला असता, ग्रहणाच्या नावावर गेला असता, आणि फिरून लेकीच्या. आईने सांगून टाकलं असतं तर ते आईचं कारस्थान ठरलं असतं. ज्याचं त्याने, आणि ठिपके गोल असताना, सांगायला हवं होतं.

विहीणबाई आल्या आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. पांढऱ्या कापडाकडे बघत राहिल्या. आम्ही सगळेच बघत होतो. ठिपके गोल होते. नंतर त्यातल्या एकाची कड जराशी झिजल्यासारखी वाटली, मग दुसऱ्याची, मग सगळ्यांचीच एका बाजूची कड कुणी हळूच कुरतडावी तशी गेली. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लहानसा सूर्य होता आणि सगळ्यांना एकदम ग्रहण लागलं होतं.

"लागलं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भीतीचा नव्हता, हिशेब लागल्यासारखा होता.

आणि मास्तरीणबाईंनी कात्री चालवली.

तो आवाज मी अनेकदा ऐकलाय, पण त्या दिवशी त्याला काही वेगळाच ठणका होता. कचाकच ती कात्री त्या कुरतडलेल्या सूर्यांमधून निघाली. टोकाच्या अलीकडे, जिथे माझी कर्तबगारी होती, तिथे कापड अडलं आणि सरकलं. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. कापड परत सरळ केलं, परत सरकलं. तिसऱ्यांदा सरकलं तेव्हा विहीणबाईंचा हात पुढे आला आणि त्यांनी दुसरं टोक दाबून धरलं.

"दूध ओढता येतं का हो त्याला?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या ओठाबद्दल होता. कापड धरूनच विचारला.

मास्तरीणबाई म्हणाल्या, मला नाही आलं. आईने चमच्याने पाजलं, थेंब थेंब, मांडीवर उभं धरून. शिकवते तुम्हाला. मग शस्त्रक्रिया होते, हल्ली दोरा बारीक असतो. विहीणबाई मान हलवत होत्या आणि मधूनच पदराने डोळे पुसत होत्या, पण कापडाचं टोक सोडत नव्हत्या.

थोड्या वेळाने लेकीला भूक लागली. विहीणबाईंनी तिला सांगितलं, खा बाई. मात्र दुधातलं तुळशीचं पान काढू दिलं नाही, ते तसंच ठेवून पी म्हणाल्या. स्वतः घोटभर पाणी प्यायल्या नाहीत, आणि ग्रहण सुटल्यावर डोक्यावरून आंघोळही केली, आमच्या बायकोच्याही आधी. माणूस एका सकाळीत बदलतो असं ज्यांना वाटतं त्यांनी विहीणबाईंची ती आंघोळ ऐकायला हवी होती. बादल्यांवर बादल्या. पण शटर त्यांनीच वर केलं होतं. ग्रहण अजून अर्धं उरलेलं असताना. मध्येच उठल्या, म्हणाल्या तुम्हाला कापताना दिसत नसेल, आणि शटर वर ढकललं. रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांनी बघितलं ते असं: मास्तरीणबाई बेततायत, विहीणबाई टोक धरून बसल्यात, आणि पोटुशी लेक मशीनवर पहिलं झबलं शिवतेय. एक जण थबकली आणि काही म्हणणार होती. विहीणबाईंचं नाक तिच्याकडे वळलं आणि ती पुढे गेली.

मुलगी झाली. ओठ एका बाजूने दुभंगलेला, आजीसारखाच, पण आजीपेक्षा कमी. बाकी हातपाय सगळे जागच्या जागी आणि ओरडायला भरपूर दम. दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा विहीणबाईंच्या मोठ्या जाऊबाई आलेल्या होत्या. मी थर्मासमधून चहा ओतत होतो. जाऊबाईंनी पाळण्यात वाकून पाहिलं, सावकाश मान वळवून पलंगावरच्या पोरीकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "काय कापलंस गं ग्रहणात?"

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा तो रेघेचा ओठ हलायच्या आत पलीकडून विहीणबाई बोलल्या.

"तिने काही कापलं नाही, वहिनी. कापलं हिच्या आईने आणि धरलं मी. आणि ओठाचं ग्रहण लागायच्या आत सांगितलंय तिने मला. सूर्य गोल होता, मी बघितलाय."

जाऊबाई म्हणाल्या, तरी पण.

"तरी पण काय? ओठ त्यांच्याकडून आलाय. त्याला टाके घालता येतात. नाक आमच्याकडून आलंय, नीट बघा. त्याला कोण काय करणार आहे?"

मी पाळण्यात पाहिलं. खरंच, ते एवढंसं नाक पाहुणे आल्यासारखं चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. जाऊबाईंनी चहा मागितला. लेक भिंतीकडे तोंड करून हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मास्तरीणबाई पहिल्यांदाच आपल्या बाजूने दुसरं कुणी बोललेलं ऐकत बसल्या होत्या.

पुढे शस्त्रक्रियेआधी त्यांनी डॉक्टरांना दोरा दाखवायला लावला. डॉक्टरही भला माणूस, त्याने दाखवला. त्यांनी चिमटीत धरून, उजेडाकडे नेऊन बघितला आणि चालेल म्हणाल्या. टाके काढल्यावर नातीचा ओठ बोटाने हलकेच चाचपून मला म्हणाल्या, हात बरा आहे त्याचा, शिवण ओढलेली नाही. एका कारागिराने दुसऱ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र दिल्याचं मी ऐकलेलं नाही. विहीणबाई चमच्याने पाजायला इतक्या तरबेज झाल्या होत्या की नंतर चमच्याची गरज उरली नाही याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

परवा पुन्हा पँट घेऊन गेलो. नात टेबलाखाली चिंध्यांत बसून होती, अंगात ते ग्रहणातलं झबलं, आता आखूड झालेलं. मास्तरीणबाईंच्या हातात तीच कात्री. खाच अजून आहे, तिथे आलं की हात आपोआप जरा उचलतात. सुई ओवून दोरा दातांनी तोडत होत्या. त्यांच्या आईला होती म्हणे ती खोड त्यांनाही आहे.

मला बरेच दिवस एक विचारायचं होतं. मी म्हटलं, मास्तरीणबाई, त्या दिवशी धारवाल्याने वेधांचं कारण सांगून कात्री घेतलीच नसती, तर ग्रहणात ते मलमल तुम्ही कापलं असतं कशाने?

दोऱ्याचा तुकडा त्यांनी ओठावरून काढून टाकला आणि म्हणाल्या, "दातांनी फाडलं असतं."